कोल्मान नक्की किती? केल्टिक संतांच्या नामसूचीच्या प्रकल्प नोंदी

काम: आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी इथल्या साधारण इ.स. ४०० ते ७०० या काळातल्या संतांची मराठी नामसूची. एका नावाची सगळी रूपं एकत्र दिसावीत आणि कोणतं रूप कोणाचं हे वाचकाला कळावं, एवढाच हेतू. साधन: लिबरऑफिस कॅल्कमधली एक फाइल.

६ जानेवारी २०२५

पहिला तक्ता मोडीत काढला. त्यात ‘नाव’ हाच ओळख पटवणारा रकाना होता: एक नाव, एक ओळ, एक संत. कोल्मानपाशी पोचताच सगळं कोसळलं. आयर्लंडमधल्या लिझमोरचा संत मोखुदा याच्या चरित्रात एक प्रसंग येतो. भिक्षू ओढ्याकाठी काम करत असताना कोणीतरी हाक मारतो, ‘कोल्मान, पाण्यात उतर’, आणि बारा जण उड्या टाकतात. ही गंमत असली तरी खोटी नाही. एकनामी संतांच्या मध्ययुगीन आयरिश याद्या आहेत, त्यांत कोल्मानांचा भरणा मोठा आहे.

नवा आराखडा असा: एक ओळ म्हणजे एक माणूस नव्हे. एक ओळ म्हणजे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक नावाने ज्याचा सण पाळला जातो ती एक नोंद. रकाने दहा: नोंदक्रमांक, मूळ लिपीतलं रूप, देवनागरी रूप, भाषा, स्थळ, सणाचा दिवस, वडील किंवा कुळ, मृत्यूचं वर्ष, स्रोत आणि ‘जोडणी’. दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत असं वाटलं तर त्या एक करायच्या नाहीत. दोन्ही ठेवून जोडणीच्या रकान्यात परस्परांचे क्रमांक लिहायचे आणि हा दावा कोणाचा, तेही लिहायचं. ओळी एकत्र करणं हे हातच्या कामातलं सर्वांत सोपं काम असतं, आणि एकदा केलं की उलगडता येत नाही.

९ जानेवारी

स्रोत आणि त्यांचे कल.

सणांच्या दिवसांसाठी चार दिनदर्शिका धरल्या आहेत. ओएंगुसची पद्य दिनदर्शिका इ.स. ८००च्या आसपासची, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक कडवं. टॅला मठाची गद्य दिनदर्शिका साधारण त्याच काळातली. गॉर्मनची बाराव्या शतकातली. चौथी डोनेगलची, मीहाल ओ क्लेरी याने १६३०मध्ये पुरी केलेली. ओएंगुसच्या कडव्यांभोवती नंतरच्या हातांनी लिहिलेल्या टिपा आहेत आणि गोम त्यांतच आहे. कडवं सांगतं ‘कोल्मान’, टीप सांगते ‘हा अमुक ठिकाणचा’. टीप कडव्याहून काही शतकं उशिराची असू शकते. म्हणून कडवं आणि टीप यांना स्रोताच्या रकान्यात वेगळी खूण: ‘ओ-क’ आणि ‘ओ-टी’.

दुसरा कल जॉन कोलगनचा. त्याने आयरिश संतांच्या चरित्रांचा जो जाडजूड लॅटिन खंड १६४५मध्ये लुव्हेनला छापला, तो फक्त जानेवारी ते मार्चमधल्या सणांचा आहे. पॅट्रिक, ब्रिगिट आणि कोलंबा यांचा वेगळा खंड १६४७मध्ये आला. परिणाम असा की ५ मार्चचा सैगिरचा कीरान वर्षाच्या सुरुवातीला असल्याने टिपांसकट हाती येतो, आणि त्याहून नावाजलेला ९ सप्टेंबरचा क्लॉनमॅकनॉइजचा कीरान कोलगनच्या त्या खंडात येतच नाही. कोणत्या संताबद्दल किती मजकूर सापडतो यावरून त्याचं महत्त्व जोखायचं नाही.

१५ जानेवारी

रोमन तारखांचं रूपांतर. आधी केलेलं निम्मं चुकलेलं निघालं, सगळं परत केलं.

हस्तलिखितांत दिवस ‘कालेंडआधी अमुकावा’, ‘नोनआधी’, ‘ईडआधी’ असा येतो (कालेंड म्हणजे पुढच्या महिन्याची पहिली तारीख, नोन म्हणजे ५ किंवा ७, ईड म्हणजे १३ किंवा १५), आणि मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरले जातात. म्हणून सूत्रं अशी:

कालेंड: चालू महिन्याचे दिवस + २ − अंक. ‘जूनच्या कालेंडआधी सतरावा’ म्हणजे मे महिन्यात ३१ + २ − १७ = १६ मे. हा क्लॉनफर्टचा ब्रेंडन, दर्यावर्दी म्हणून ओळखला जाणारा.

ईड: १३ + १ − अंक. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांत १३ऐवजी १५. ‘सप्टेंबरच्या ईडआधी पाचवा’ म्हणजे १४ − ५ = ९ सप्टेंबर.

नोन: ५ + १ − अंक, त्याच चार महिन्यांत ५ऐवजी ७. ‘मार्चच्या नोनआधी तिसरा’ म्हणजे ८ − ३ = ५ मार्च.

चूक होते ती ‘+ १’ विसरल्याने. मग कीरान ८ सप्टेंबरला जाऊन बसतो. तो दिवस मरियेच्या जन्माचा. एवढ्या मोठ्या सणावर क्लॉनमॅकनॉइजचा संत आलेला दिसला, तेव्हाच शंका आली. ‘आदल्या दिवशी’ असा शब्द असेल तर अंक २ धरायचा, १ नव्हे.

अंक वाचण्यातही घोळ होतो. लॅटिन हस्तलिखितात तीन सुट्या उभ्या रेघा म्हणजे ३, आणि पहिल्या दोन रेघा खाली जोडलेल्या, तिसरी सुटी, म्हणजे ६. शाई पुसट झाली की दोन्ही सारखेच. म्हणून एकाच स्थळाच्या एकाच नावात बरोबर तीन दिवसांचा फरक दिसला तर तो फरक खरा मानण्याआधी मूळ अंक बघायचा.

तक्त्याबद्दल एक सूचना. सणाचा रकाना ‘मजकूर’ प्रकारचा ठेवायचा आणि दिवस महिना-दिवस असा चार अंकांत लिहायचा: ०९-०९, ०३-०५. तारीख प्रकार ठेवला की कॅल्क आपणहून चालू वर्ष चिकटवतं आणि सहाव्या शतकातला संत २०२५मध्ये मरतो.

२२ जानेवारी

‘मो’ आणि ‘तो’. प्रकल्पातला सर्वांत रसाळ भाग, म्हणून सविस्तर.

आयरिश मठांत संताला पूर्ण नावाने क्वचितच हाक मारत. नावाचा पुढचा तुकडा घ्यायचा, मागे ‘-ओक’ किंवा ‘-आन’सारखा प्रत्यय लावायचा आणि पुढे ‘मो’ म्हणजे ‘माझा’ किंवा ‘दो’, जुन्या रूपात ‘तो’, म्हणजे ‘तुझा’ जोडायचं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडणार नाहीत. ज्ञानेश्वराचा ज्ञानोबा आणि तुकारामाचा तुकोबा करणारी भाषा आहे ही. आणि ‘मो’मधला म, ‘तो’मधला त हे माझा-तुझा यांतल्या म आणि त यांचे दूरचे नातलगच आहेत.

अडचण अशी की लाडाचं रूप मूळ नावापासून इतकं दूर जातं की शोधून सापडत नाही. तीन उदाहरणं हातात धरून बघितली.

आयध हे मूळ नाव, अर्थ ‘आग’. मो + आयध + ओक. स्वर एकमेकांत मिसळले आणि झालं मायदोक. हा फर्न्सचा बिशप, सण ३१ जानेवारी. त्याच आयधला ‘-आन’ लावला की आयधान, म्हणजे लिंडिसफार्नचा एडन, सण ३१ ऑगस्ट, मृत्यू ६५१. फर्न्सच्या मायदोकलाही इंग्रजीत एडनच म्हणतात. दोन एडन, दोघांचाही दिवस ३१, महिने वेगळे.

फिन्तान. त्याचं छोटं रूप फिन्नु. पुढे ‘मो’ लागला की आयरिशच्या नियमाने ‘फ’ मृदू होतो, आणि मृदू फ चा उच्चारच होत नाही. उरलं मुन्नु. वेक्सफर्डमधलं टॅमन हे गाव म्हणजे ‘मुन्नुचं घर’. फिन्तान मुन्नुचा मृत्यू ६३५, सण २१ ऑक्टोबर. क्लोनेनाचा फिन्तान वेगळा, मृत्यू ६०३, सण १७ फेब्रुवारी. ‘मुन्नु’ असं एकटं रूप आलं तर ते पहिल्याचं, पण ‘फिन्तान’ असं एकटं आलं तर स्थळ किंवा दिवस बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लाश्रेनचं मोलाशे. हे तिघे आहेत: डेव्हेनिश बेटाचा (१२ सप्टेंबर), लॉखलिनचा (१८ एप्रिल) आणि इनिशमरी बेटाचा (१२ ऑगस्ट). पहिला आणि तिसरा दोघेही आपापल्या महिन्यात ‘ईडच्या आदल्या दिवशी’ येतात. दिनदर्शिकेच्या पानावरचा महिन्याचा मथळा नजरेतून सुटला की दोन बेटांवरचे दोन मोलाशे एक होतात. आपल्या पहिल्या मसुद्यात ते झालेच होते.

यावरून ‘म’ने सुरू होणारी सगळी नावं आपोआप सोलायचा मोह झाला. तसं करून पाहिलं आणि लगेच मागे घेतलं. लाउथचा मोख्ता याच्या नावातला ‘मो’ हा ‘माझा’ नाहीच. तो मूळचा ब्रिटन, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेत बोलणाऱ्या लोकांतला, आणि कोलंबाचं चरित्र लिहिणारा ॲडोम्नान त्याचं नाव लॅटिनमध्ये ‘माउक्तेउस’च्या जवळपास लिहितो. सोलल्यावर उरला ‘ख्ता’, आणि तो कुठेच बसेना. उलट मायदोक आणि मुन्नु यांत ‘मो’ दडलेला असून सूत्राला तो दिसला नाही. निर्णय: सोलणं हाताने, आणि मूळ नाव फक्त तेव्हाच नोंदवायचं जेव्हा एखादा जुना स्रोत दोन्ही रूपं एकाच माणसाला देतो.

२४ जानेवारी

परवाच्याला पुरवणी. ‘तो’ फक्त आयरिश नाही. ब्रिटनीतला विनवालो (ग्वेनोले, सण ३ मार्च) याचा मठ लांदेव्हेनेक: ‘लान’ म्हणजे मठाची जागा, पुढे ‘तो-विन्नोक’, विनवालोचं लाडाचं रूप. कॉर्नवॉलच्या टोकाला लँडेवेडनॅक आहे, तेही तेच नाव. कॉर्निशमध्ये ‘न्न’चा उशिरा ‘ड्न’ झाला म्हणून वेगळं दिसतं. समुद्राच्या दोन काठांवरच्या दोन गावांत एकाच संताचं एकच लाडाचं नाव आहे.

सावधान: बेर्गचा विन्नोक (६ नोव्हेंबर) हा स्वतंत्र संत. त्याची ओळ विनवालोशी जोडू नये.

२ फेब्रुवारी

कबुतरं.

लॅटिन ‘कोलंबा’ म्हणजे कबूतर. आयरिशमध्ये त्याचं झालं कोलम. कोलमला ‘-आन’ लावून कोल्मान, आणि कोल्मानला परत लॅटिन करून कोलंबानस. म्हणजे कोल्मान आणि कोलंबानस ही दोन नावं नाहीत, एकच नाव दोन भाषांत आहे. ॲडोम्नान आपल्या कोलंबा-चरित्राच्या दुसऱ्या प्रस्तावनेत हे नाव हिब्रूत योना, ग्रीकमध्ये पेरिस्तेरा, लॅटिनमध्ये कोलंबा असं ओळीने मांडतो.

नोंदी अशा लागल्या. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटाचा कोलंबा, आयरिशमध्ये कोलम किल्ले, ‘चर्चचं कबूतर’: ५६३मध्ये आयोनाला, मृत्यू ५९७, सण ९ जून. टेरीग्लासचा कोलम: सण १३ डिसेंबर. बॉब्बिओचा कोलंबानस: आधी बँगरचा भिक्षू, मग फ्रान्समध्ये लुक्सॉय, शेवटी उत्तर इटलीत बॉब्बिओ, मृत्यू ६१५, सण २३ नोव्हेंबर. मग कोल्मान: लान एलोचा (मृत्यू ६११, सण २६ सप्टेंबर), क्लॉइनचा कोल्मान मॅक लेनेनी (२४ नोव्हेंबर), ड्रोमोरचा (७ जून), किलमॅकडुआचा (२९ ऑक्टोबर) आणि ६६४च्या व्हिटबी धर्मसभेनंतर लिंडिसफार्न सोडून आयर्लंडच्या पश्चिमेला इनिशबॉफिन बेटावर गेलेला कोल्मान.

जर्मनीत व्यूर्त्सबुर्गला किलियानबरोबर मारले गेलेले दोन साथीदार म्हणजे कोलोनाट आणि टोटनान, तिघांचा सण ८ जुलै. कोलोनाट म्हणजे कोल्मानच. जर्मन रूपात तो आपल्या शोधात सापडलाच नव्हता, हाताने टाकला. ऑस्ट्रियातला कोलोमान मात्र सूचीबाहेर: तो १०१२मधला, आपल्या काळमर्यादेच्या तीनशे वर्षं पुढचा. त्याला फक्त ‘पाहा’ अशी एक ओळ.

कॉर्नवॉलमधली सेंट कोलंब मेजर आणि सेंट कोलंब मायनर ही गावं घाईत आयोनाच्या कोलंबाखाली गेली होती. तिथली कोलंबा ही कुमारी हुतात्मा, बाई. लॅटिनमध्ये कबूतर हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने नाव दोघांनाही चालतं. आजपासून अकरावा रकाना: लिंग.

देवनागरीत ‘कोलंबा’ हेच रूप ठेवलं. मुंबईत गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेमुळे ते मराठी कानाला परिचयाचं आहे, ‘कोलुंबा’ करून काही साधत नाही.

५ फेब्रुवारी

जोडीची शंका घेणारं सूत्र चालवून पाहिलं: मूळ नाव एक आणि सणात एका दिवसापर्यंत फरक, तर ‘बहुधा तोच’. रोमन तारखांत एका दिवसाची चूक इतकी सर्रास होते की हे वाजवी वाटत होतं. पहिलाच निकाल: बॉब्बिओचा कोलंबानस (२३ नोव्हेंबर) आणि क्लॉइनचा कोल्मान मॅक लेनेनी (२४ नोव्हेंबर) एकच. एक इटलीत पुरलेला, दुसरा आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्कजवळ. फरक दोन दिवसांपर्यंत वाढवला तर ड्रोमोरचा कोल्मान (७ जून) आयोनाच्या कोलंबाला (९ जून) जाऊन चिकटतो.

सूत्र ठेवलं, पण ते आता जोडत नाही. ओळ फक्त पिवळी करतं.

वडिलांचा रकाना इथे उपयोगी पडला. त्यातही एक खड्डा आहे: जुन्या आयरिशमध्ये ‘मॅक’ म्हणजे मुलगा, पण ‘मोकु’ म्हणजे अमुक कुळातला. नंतरच्या लेखनिकांना मोकु कळेनासा झाला आणि त्यांनी सरसकट मॅक केला, त्यामुळे अख्खं कुळ एका माणसाचा बाप होऊन बसलं. लान एलोचा कोल्मान याचं उत्तम उदाहरण आहे. ॲडोम्नानच्या पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात शीर्षकात तो ‘सैल्नि कुळातला कोल्मान’ आहे, आणि खाली मजकुरात ‘बेओग्नाचा मुलगा कोलंबानस’. एकाच प्रकरणात एकाच माणसाची दोन नावं आणि दोन ओळखी. कोणी फक्त मजकुरावरून सूची केली तर बॉब्बिओच्या कोलंबानसला आयोनाची वाट धरावी लागेल. वडील आणि कुळ हे रकाने वेगळे केले. आता बारा.

११ फेब्रुवारी

गावांच्या नावांतून शोध. ‘कीरान’ टाकला तर ‘किलकीरान’ नीट येत नाही, कारण मूळ आयरिशमध्ये ‘कीरानचं चर्च’ म्हणताना नाव षष्ठीत जातं: पहिल्या व्यंजनापुढे ह येतो आणि शेवटचा ‘आन’ ‘आइन’ होतो. उपाय म्हणून शोधासाठी एक लपलेला रकाना केला. त्यात शब्दाच्या सुरुवातीच्या व्यंजनानंतरचा ह काढला, शेवटच्या ‘आइन’चा ‘आन’ केला आणि स्वरांवरच्या तिरक्या रेघा काढल्या.

पहिल्यांदा ह सगळीकडून काढला होता. कार्थाखच्या नावाचे तीनतेरा वाजले, कारण तिथला ह शब्दाचाच भाग आहे. फक्त सुरुवातीचा काढायचा.

१३ फेब्रुवारी

संगणकाच्या दोन कटकटी, दोन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या.

मूळ लिपीत तिरकी रेघ असलेला ‘आ’ दोन प्रकारे साठवलेला असतो: एकच चिन्ह (युनिकोड क्रमांक दशमानात २२५), किंवा साधं अक्षर ९७ आणि त्यावर सुटी रेघ ७६९. दिसायला तंतोतंत सारखे, जुळवणीत वेगळे. सगळी फाइल एनएफसी या प्रमाण रूपात नेली की ही अडचण जाते.

दुसरी देवनागरीतली, आणि ती एनएफसीने जात नाही. ॲडोम्नान मधला पहिला स्वर एक सलग चिन्ह (२४१८) म्हणून टंकता येतो, किंवा अ (२३०९) आणि त्यावर अर्धचंद्र (२३७३) असा. युनिकोड या दोघांना समतुल्य मानत नाही. दोन जणांनी दोन कळफलकांवर काम केल्यामुळे सूचीत ॲडोम्नान दोनदा, वर्णानुक्रमात वेगवेगळ्या जागी आला. शोधा-बदला करून सगळीकडे २४१८ केलं. एकनामी संत वेगळे करायला बसलेल्या प्रकल्पात एकच संत दुहेरी व्हावा, हे जरा जास्तच झालं.

१९ फेब्रुवारी

फिन्निअन. इथे उलट प्रश्न आहे: अनेक ओळी, आणि माणूस कदाचित एक.

आयरिश ‘फिन्द’ म्हणजे गोरा, पांढरा. ब्रिटनांच्या भाषेत त्याचं भावंड ‘विन्’, वेल्शमध्ये ‘ग्विन’. क्लोनार्डचा फिन्निअन: मृत्यू ५४९, सण १२ डिसेंबर. मोव्हिलाचा फिन्निअन: मृत्यू ५७९, सण १० सप्टेंबर. कॉर्कचा फिन्नबार, ‘गोऱ्या केसांचा’: सण २५ सप्टेंबर. दोन्ही फिन्निअन कोलंबाचे गुरू म्हणून पुढे आले. ॲडोम्नान कोलंबाच्या गुरूला एका ठिकाणी फिन्दबार म्हणतो, दुसरीकडे उइन्निआउ, तिसरीकडे फिन्निओ. म्हणजे सातव्या शतकाच्या शेवटी एकाच माणसाला ही तिन्ही रूपं चालत होती. त्यातलं ‘उइन्निआउ’ हे ब्रिटन घडणीचं, आयरिश नव्हे.

संशोधक पाड्रिग ओ रिआन यांची मांडणी अशी की क्लोनार्ड आणि मोव्हिला यांचे फिन्निअन मुळात एकच, आणि कॉर्कच्या फिन्नबारची उपासनाही तिथूनच निघाली. पुढे २००१मध्ये थॉमस ओवेन क्लॅन्सी यांनी स्कॉटलंडच्या व्हिटहॉर्नचा निनिअन हाही उइन्निआउच असल्याचं मांडलं. इंग्रज भिक्षू बीड याने ७३१मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात त्याला ‘निनिआ’ म्हटलं आहे, आणि क्लॅन्सी यांच्या मते ते चुकीचं वाचन.

हे वाचन कसं चुकतं ते कागदावर काढून पाहिलं. त्या काळच्या लिपीत ‘इ’ म्हणजे एक उभी रेघ, ‘न’ म्हणजे वर जोडलेल्या दोन, ‘उ’ म्हणजे खाली जोडलेल्या दोन. उइन्नि लिहायला ओळीने आठ रेघा: दोन, एक, दोन, दोन, एक. जोड वर आहे की खाली हे दिसलं नाही की उरतो फक्त आठ रेघांचा कुंपणासारखा गज. सुरुवातीच्या दोन रेघा वर जोडलेल्या समजल्या की ‘उ’चा ‘न’ झाला आणि नाव ‘नि’ने सुरू झालं. मोडी वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

सण इथे कामाला येत नाहीत. मोव्हिला १० सप्टेंबर, निनिअन १६ सप्टेंबर. सहा दिवसांचा फरक ना चुकीत बसतो ना पुराव्यात.

निर्णय: क्लोनार्ड, मोव्हिला, कॉर्क, व्हिटहॉर्न या चारही ओळी जशाच्या तशा. जोडणीच्या रकान्यात ‘तोच असावा: ओ रिआन’, ‘तोच असावा: क्लॅन्सी २००१’. पाचवी ओळ उइन्निआउची, स्थळ रिकामं. ही रिकामी जागा चुकून राहिलेली नाही, कोणी भरू नये. विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवाच्या गाथेत मिसळले, आणि ज्ञानदेव एक की दोन यावर मराठीत वाद झडले, तिथे जो संपादक दोन्ही बाजू ओळीशेजारी नोंदवतो त्याचंच काम पुढे वापरता येतं.

२६ फेब्रुवारी

जोडणीच्या खुणा अखेर चारच ठेवल्या: ‘तोच, जुना स्रोत म्हणतो’, ‘तोच असावा, संशोधक म्हणतात’, ‘वेगळा, पुरावा आहे’, ‘वेगळा धरला, पुरावा नाही’. चौथी सर्वांत जास्त वापरात येते, आणि तसंच असायला हवं.

अल्स्टरच्या इतिवृत्तातली (आयर्लंडची वर्षवार नोंद) सुरुवातीच्या शतकांतली वर्षं एकाने मागे आहेत. ‘वर्ष’ रकान्यात दुरुस्त अंक, कंसात छापील. एकाच संताची दोन वर्षं दिसली की आधी हा एकाचा फरक तपासायचा.

५ मार्च

पिरान आणि कीरान.

कॉर्नवॉलचा पिरान, टिनच्या खाणकामगारांचा संत, सण ५ मार्च. सैगिरचा कीरान, सण ५ मार्च. पिरानचं मध्ययुगीन लॅटिन चरित्र म्हणजे सैगिरच्या कीरानच्या चरित्राचंच रूपांतर. आणि आयरिश ‘क’च्या जागी ब्रिटन भाषांत ‘प’ येतो हे तर प्रसिद्धच: डोकं आयरिशमध्ये केन, वेल्शमध्ये पेन. म्हणून पिरान म्हणजे कीरान, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं.

तिन्ही आधार एकेक करून तपासले.

ध्वनींचा नियम: क आणि प यांची ही अदलाबदल फक्त तिथे होते जिथे मूळ केल्टिक ध्वनी ओठ गोल करून काढलेला ‘क्व’ होता. साधा ‘क’ दोन्हीकडे क च राहतो: शंभर आयरिशमध्ये केद, वेल्शमध्ये कांत. कीरानमधला ‘कीर’, म्हणजे काळसर, हा साध्या ‘क’चा शब्द आहे. त्याचा कॉर्निशमध्ये ‘पिर’ होण्याचं कारण नाही.

चरित्र: नाव बदलून उसनं घेतलेलं. ते इतकंच सांगतं की नक्कल करणाऱ्याला दोघे एक वाटत होते, किंवा आपल्या संताला चरित्र हवं होतं.

सण: उसन्या चरित्राबरोबर दिवसही आलेला असू शकतो. मग चरित्र आणि सण हे दोन पुरावे उरत नाहीत, एकच दोनदा मोजला जातो. याआधी ‘सण जुळतो’ म्हणून दिलेल्या सगळ्या खुणा या नजरेने परत पाहायच्या आहेत.

पिरानची स्वतंत्र ओळ केली, खूण ‘वेगळा धरला, पुरावा नाही’. स्थळं तीन: पेरनझॅब्युलो, पेरनारवर्थल, पेरनउथनो. पहिल्याच्या नावातच ‘वाळूत’ आहे. तिथली जुनी प्रार्थनाघराची वास्तू १९८०मध्ये जपणुकीसाठी वाळूखाली पुरली होती आणि २०१४मध्ये परत उघडली. स्थळाच्या रकान्यात गाव नव्हे, ती टेकाडातली जागा लिहिली.

१२ मार्च

ब्रिगिट. किल्डेअरची, १ फेब्रुवारी. वेल्शमध्ये ती फ्राइद होते आणि लान्सान्फ्राइद या गावांत बसते. सुरुवातीचा ब गेल्याने शोधात ती मिळत नाही, हाताने जोडली. स्वीडनची बिर्गिटा (१३०३–१३७३) हिचा काळ आणि देश दोन्ही वेगळे, तरी नावसाधर्म्यामुळे दोनदा आत शिरली आणि दोनदा काढली. तिच्यासाठीही ‘पाहा’ ओळ केली, नाहीतर तिसऱ्यांदा येईल.

१४ मार्च

५ मार्चला ठरल्याप्रमाणे ‘सण जुळतो’वाल्या खुणा तपासल्या. व्यूर्त्सबुर्गच्या कोलोनाटला एका दिनदर्शिकेतल्या नुसत्या ‘कोल्मान’शी जोडलं होतं, आधार फक्त ८ जुलै हा दिवस. खूण काढली. ड्रोमोरचा ‘मोखोल्मोक’ (कोल्मानचंच ‘मो’ आणि ‘-ओक’ लावलेलं लाडाचं रूप) मात्र राहतो, कारण तिथे दिवसाबरोबर स्थळही मिळतं. लिंडिसफार्नच्या कोल्मानचे दोन सण (१८ फेब्रुवारी आणि ८ ऑगस्ट) दोन ओळींत होते. दोन्ही ओळी ठेवल्या, जोडणी ‘तोच’, आणि मृत्यूचं वर्ष दोन्हीकडे सारखंच आहे ना एवढं पाहायचं राहिलं आहे. पुढच्या वेळी नुसत्या ‘कोल्मान’ नावाच्या, स्थळ नसलेल्या ओळी घ्यायच्या. त्या कोणाशीही जोडायच्या नाहीत, फक्त दिवसाच्या क्रमाने लावायच्या.